प्रशिक्षकाची नजर

ती. काकूंस,

गुडघेदुखीवर डॉक्टरांनी मांड्यांना बळ देणारे व्यायाम सुचवल्यावर व्यायामशाळेत स्वतंत्र प्रशिक्षक नेमावा की नाही, या काकूंच्या प्रश्नाचे उत्तर फीच्या आकड्यावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते प्रशिक्षकाकडून नेमके काय हवे आहे यावर अवलंबून आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान २ दिवस ताकदीचे व्यायाम करावेत, तर पासष्टी गाठलेल्यांनी ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही त्यांत मिळवावेत. काकूंच्या रोजच्या चालण्याने यातील पहिला भाग पुरा होतो, आणि चालण्यासाठी कोणालाही पैसे मोजण्याचे कारण नाही.

ताकदीच्या व्यायामाची गोष्ट निराळी आहे. बैठक मारताना गुडघा आत वळला, टाच सुटली किंवा कंबर वाकली, तरी करणाऱ्याला आपण सरळच आहोत असे वाटत राहते. आरसा समोरची बाजू दाखवतो, पण कडेची बाजू पाहायला मान वळवावी तर तोल जातो. शिवाय भार किती आणि केव्हा वाढवावा, हेही ठरवावे लागते. स्नायू सरावला की भार थोडा वाढवत नेण्याच्या या पद्धतीला क्रमवर्धी भार म्हणतात, आणि अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी १९४० च्या दशकात ती जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात वापरली, तेव्हा त्यांच्यापुढे दुखावलेले गुडघेच प्रामुख्याने होते. कोल्हापूरच्या तालमीत हौद्याच्या काठावरून पोरांच्या जोर-बैठका न्याहाळणारा वस्ताद चुका हेरण्याचे आणि भार ठरवण्याचे हेच काम करत आला आहे; त्याची पारख मात्र साऱ्या पेठेला ठाऊक असते.

आजच्या प्रशिक्षकाबाबत तशी खात्री नाही. भारतात डॉक्टरला लागतो तसा परवाना त्याला लागत नाही, त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा पहिल्या भेटीतील त्याचे वागणे पारखावे. रक्तदाब, चालू औषधे, जुनी दुखणी यांची चौकशी न करता जो थेट यंत्रावर बसवतो, किंवा पहिल्याच आठवड्यात प्रथिनांच्या पावडरीचा डबा पुढे करतो, त्याला नकार द्यावा, मग तो कितीही गोड बोलो. गुडघ्याला सूज असेल, तर फिजिओथेरपिस्टचा सल्ला आधी घेणे अगत्याचे आहे.

वर्षाचे पैसे एकरकमी भरू नयेत. आठवड्याला २ या हिशेबाने १२ सत्रे घ्यावीत, प्रत्येक व्यायामाचे नाव, वजन आणि आवर्तने, म्हणजे तो सलग किती वेळा केला ती संख्या, वहीत उतरवावी, आणि पुढे घरी सराव करून महिन्यातून एकदा त्याच प्रशिक्षकाला ढब दाखवून यावी. वही काकांच्या जुन्या डायऱ्यांपैकी एखादी चालेल. तिच्यात कोरी पाने पुष्कळ आहेत.



आपला पुतण्या