मोडणार नाही, पण वाकेन!

नॉर्थ कॅरोलायनात शेताच्या बांधावर, पडीक रानात, घरांच्या अंगणात, बघाल तिथे स्वीटगमची झाडं. पाच टोकांच्या चांदणीची पानं, आणि पानगळीच्या दिवसांत एकाच झाडावर पिवळी, शेंदरी, जांभळी! मी मान वर करून बघतच राहिलो. पण तिथल्या रॅले शहरात वर्षानुवर्षं राहणारा माझा भाचा खाली बघून चालत होता. ‘मामा, पायाखाली बघा.’ या झाडाची फळं म्हणजे सुपारीहून मोठे काटेरी गोळे. हिवाळाभर त्यांचा सडा पडतो; अनवाणी पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून लोक झाडावर चिडतात, पैसे मोजून ते तोडून घेतात आणि ओंडके कुणीतरी न्यावेत म्हणून वाट बघतात.

ते नेणारा एक म्हातारा मला भेटला. गावाबाहेर पत्र्याची शेड, एक यंत्र आणि तो स्वतः. एवढीच त्याची वखार. आपल्याकडच्या कटाई मशीनवर लाकूड करवतीकडे सरकतं. इथे ओंडका जखडून स्वस्थ पडलेला आणि करवतच रुळांवरून त्याच्या अंगावर चालून येणारी! पट्ट्याची पातळ करवत, तिच्यावर पाण्याची बारीक धार, आणि म्हातारा यंत्रामागे सावकाश चालतोय. सालीचा पहिला तुकडा बाजूला पडला आणि आतून साईच्या रंगाचं लाकूड निघालं. ओंडका फिरवत आणखी काही काप घेतले, तर गाभा तांबूस तपकिरी, त्यात काळसर लाटा. इतका नक्षीदार गाभा फुकट टाकून देणाऱ्यांची मला कीवच आली.

पण लोक अगदीच वेडे नाहीत, हे पुढच्याच मिनिटाला कळलं. ओंडक्यापासून सुटलेल्या फळीचं एक टोक माझ्या डोळ्यांदेखत वर उचललं गेलं. या झाडाचे तंतू एका थरात उजवीकडे, तर पुढच्या थरात डावीकडे कललेले असतात. एकमेकांत असे अडकलेले, की कुऱ्हाडीने फोडायला गेलात तर पातं रुतून बसतं, लाकूड दुभंगत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आपला बाणा. याचा नेमका उलटा!

वाकण्याचं दुसरं कारण पाणी. नुकत्याच कापलेल्या स्वीटगमच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात कोरड्या लाकडाच्या वजनापेक्षाही जास्त पाणी असतं. ते निघून जाताना लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे १० टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे मात्र त्याच्या निम्मंच. सागाचे हेच आकडे सुमारे ६ आणि अडीच. एकाच फळीत दोन दिशांची अशी ओढाताण चालली, की ती पिळवटणारच.

म्हाताऱ्याचं खरं कसब कापण्यात नव्हतंच. ते होतं रचण्यात. चांगल्या ओंडक्यांचे तो आधी उभे चार भाग करतो आणि वलयांच्या रेषा फळीत उभ्या येतील अशा बेताने कापतो. माल कमी निघतो, वेळ जास्त जातो, पण फळी कमी वाकते. टोकांना मेणाचा लेप, म्हणजे तिथून पाणी घाईने उडून चिरा पडत नाहीत. मग जमिनीपासून उंच, सपाट बैठकीवर फळ्यांची थप्पी. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या हातभराच्या आतल्या अंतराने, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या डोक्यावर. एक पट्टी जरा सरकलेली दिसली, तर त्याने वरचे थर उतरवून ती जागेवर आणली. सगळ्यात वर काँक्रीटचे ठोकळे. इंचभर जाडीची फळी अशी महिनोन्महिने दबून बसते, तेव्हा कुठे घरात घ्यायच्या लायकीची होते.

या टाकाऊ झाडाचा इतिहास ऐकून तर मी थक्कच झालो. ब्रिटनमध्ये हेच लाकूड ‘सॅटिन वॉलनट’ या भारदस्त नावाने कपाटांत आणि पलंगांत मिरवलं. अमेरिकेत ते प्लायवूडमध्ये दडलं, खोक्यांत गेलं, क्रिओसोट हे लाकूड टिकवणारं तेल पिऊन रेल्वेच्या रुळांखाली झोपलं. सालीतून झिरपणारा सुगंधी डिंक तंबाखूत मिसळून अ‍ॅझ्टेक सम्राट मोक्तेसुमा ओढत असे, असं स्पॅनिश शिपाई बर्नाल दियास लिहून गेला आहे. आणि आपल्या धूपात, औषधांत पडणारा शिलारस हा याच झाडाच्या तुर्कस्तानातल्या भावंडाचा.

आम्ही निघणार तेवढ्यात ट्रकमधून एक गिऱ्हाईक उतरलं. त्याला कोंबड्यांच्या खुराड्यासाठी फळ्या हव्या होत्या, त्याही त्याच दिवशी, स्वस्तातल्या. ताज्या कापलेल्या ढिगाकडे त्याने बोट दाखवलं. म्हाताऱ्याने मान हलवली: हे ओलं लाकूड वाकेल, शिवाय पावसात कुजतं, तुम्ही सीडर न्या. गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, ‘पैसे देत होता की, का नाही दिलंत?’

म्हातारा हसला. ‘वाकलेली फळी कुणी जंगलात परत नेत नाही. माझ्याच दारात आणून टाकतात.’