किती शिट्ट्या झाल्या?

कळवणच्या घरी विजेचा कुकर आला त्या दिवशी सासूबाईंनी त्याच्यापुढे स्टूल टाकून बैठक मारली. पंधरा मिनिटं निमूट बसल्या आणि मग मला हाक मारली. "अगं, हा बोलतच नाही. शिट्ट्या किती झाल्या ते कळायचं कसं?" मी बावीस वर्षं अन्नशास्त्र शिकवलेलं, पण या प्रश्नाला माझ्याजवळ धड उत्तर नव्हतं. म्हटलं, "आई, हा मिनिटं मोजतो." त्या म्हणाल्या, "मिनिटं काय, भिंतीवरचं घड्याळही मोजतं."

आत हुलगे होते. रात्रभर भिजवलेले, वीस मिनिटं लावलेले. झाकण उघडलं तर निम्मे लोण्यासारखे आणि निम्मे गणंग. कुकर वाया गेला, असं घरात एकमतानं ठरलं. मला मात्र चैन पडेना. एकाच भांड्यात, एकाच वाफेत अर्धे शिजतात आणि अर्धे शिजत नाहीत, यात कुकरचा दोष कसा असेल? डबा ताटात ओतला आणि उजेडात धरला, तेव्हा उलगडा झाला. काही दाणे फिकट तपकिरी, तुकतुकीत. बाकीचे काळपट, तेज गेलेले. गेल्या साली तळाशी उरलेल्यांवरच यंदाचे ओतले होते. ओतणारी मीच.

दुसऱ्या दिवशी दोन्ही निवडून वेगळे केले आणि एकाच कुकरात दोन डब्यांत लावले. फिकट दाणे वीस मिनिटांत बोटांनी चुरडले गेले. काळपट पुन्हा लावले, पंचेचाळीस मिनिटांपर्यंत नेले, तरी मधे कण राहिलाच.

कडधान्य शिजतं म्हणजे काय होतं? दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. उष्णतेनं ते पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ लागतो. दाण्यात फायटेट असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं. चैत्र-वैशाखाची तलखी आणि त्यापाठोपाठ चार महिन्यांची दमट हवा डब्याला लागली, की हे फायटेट फुटत जातं. मोकळे झालेले कॅल्शियम-मॅग्नेशियम मग पेक्टिनला जखडतात. असा दाणा भिजून टच्च फुगतो, पण शिजत नाही. दुसऱ्या जातीचा गणंग साधा असतो. त्याच्या सालातून पाणीच आत शिरत नाही. तो सकाळी न फुगता तळाशी बसलेला दिसतो, उचलून टाकता येतो. पहिला मात्र दिसत नाही, दातालाच कळतो.

बोअरच्या जड पाण्यात तेच कॅल्शियम असतं, त्यामुळे दुष्काळात तेरावा. यावर उपाय स्वस्त आहे: लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर मीठ घालून भिजवावं. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं. मिठानं कडधान्य दडस होतं हा समज इतका पक्का, की माझ्या विद्यार्थिनी वहीत लिहून घेत आणि घरी जाऊन करत नसत. दडस करतात ती चिंच, आमसूल, टोमॅटो. ती शिजल्यावरच घालावीत. खाण्याचा सोडा चिमूटभर घातला तर जुना दाणाही नमतो, पण ब जीवनसत्त्वातलं थायमिन त्यात जातं. म्हणून तो फक्त जुन्या मालापुरता.

आता शिट्टीचं. गॅसवरचा आपला कुकर साधारण 120 अंशांपर्यंत चढतो. विजेचे बहुतेक कुकर थोड्या कमी दाबावर चालतात, 115 अंशांच्या आसपास. पाच अंश म्हणजे किरकोळ वाटतात, पण हुलग्याला तेवढ्यापायी निम्म्यानं जास्त वेळ लागू शकतो. शिवाय शिट्टी हे काही माप नव्हे. मोठ्या जाळावर पाच शिट्ट्या सहा मिनिटांत होतात आणि बारीक जाळावर वीस मिनिटांत. आपण आयुष्यभर आवाज मोजत आलो, उष्णता नव्हे. सप्तशृंगी गडावर, बाराशे मीटरच्या आसपास, उघड्या पातेल्यात पाणी 96 अंशांनाच उकळतं. तिथे पातेल्यात हुलगे शिजवणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला नको.

खरं तर या भागातल्या बायांनी न शिजणाऱ्या दाण्याच्या प्रश्नाला वाफेविनाच उत्तर दिलं होतं. उडीद खापरावर सालीसकट भाजायचे, जात्यावर भरडायचे आणि त्याचं भुजं करायचं. हुलग्याचं पीठ करून शेंगोळे वळायचे, नाहीतर माडगं. दाणा फोडला की भिजवणं नको, जळण थोडं आणि गणंगाचा प्रश्नच मिटला. 1679 मध्ये दनी पापँनं हाडं मऊ करायला घट्ट झाकणाचं भांडं बनवलं, त्याचं कौतुक आम्ही वर्गात शिकवलं. जात्याचं कौतुक अभ्यासक्रमात नव्हतं.

मग विजेचा कुकर हवा कशाला? अख्ख्या दाण्यासाठी आणि कढणासाठी. त्यातून वाफ फारशी जात नाही, म्हणून भिजलेल्या वाटीभर हुलग्यांना तीन वाट्या पाणी पुरतं आणि कढण दाट उतरतं. भांडं निम्म्याच्या वर भरू नये. फेस व्हॉल्व्हात शिरतो. चमचाभर तेल घातलं की फेस बसतो. वेळ संपल्यावर वाफ एकदम सोडू नये, नाहीतर दाण्यातलं पाणी जागीच उकळून सालं फाटतात. पिन आपोआप खाली पडू द्यावी. वीज खर्चायची धास्तीही नको: तीन लिटर पाणी-दाणे तापवायला युनिटाचा तिसरा हिस्सा लागतो, गळती धरून अर्धं युनिट. मधेच लाईट गेली तर झाकणाला हात लावू नये. आतली ऊब आपलं काम करत राहते. लाईट आल्यावर राहिलेली मिनिटं पुन्हा लावावी.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. या कुकरांत मंद आचेचं बटण असतं. राजमा त्यावर कधीच लावू नये. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं विष खळखळ उकळीनं दहा मिनिटांत मरतं. ऐंशी अंशांच्या मंद शिजण्यात ते मरत नाही. असे चार-पाच दाणेही ओकाऱ्या काढायला पुरतात. पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, दाबावरच शिजवावा.

परवा आठवडे बाजारात कनाशीकडच्या एका म्हाताऱ्या मावशींना विचारलं, "हुलगे यंदाचे का?" त्यांनी मूठभर माझ्या तळहातावर ओतले. "रंग बघ ना बाई. मला काय इचारते?"

सासूबाई आता डब्यावर खडूनं साल लिहितात आणि नवं धान्य जुन्यावर ओतू देत नाहीत. "किती शिट्ट्या"ऐवजी "कधीचे हुलगे" असं विचारतात. नवे हुलगे शेतातून येईपर्यंत डब्यात असतात ते गेल्या सालचे. ते मिठाच्या पाण्यात भिजवा, चिमूटभर सोडा घाला आणि मगच कुकर लावा.