गुरांच्या खिंडीत चेनची कुरकुर

मँचेस्टरहून निघताना आमच्या मोटरसायकलवर काय नव्हतं ते विचारा! एका पेटीत तंबू आणि गॅसची शेगडी, दुसरीत रेनकोटांचे दोन जोड नि लोकरीचे मोजे, आणि वरच्या पिशवीत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं, चहाचा मसाला. ‘स्कॉटलंडच्या डोंगरात काही मिळालं नाही तर?’ म्हणून घेतलेला हा शिधा दोन कुटुंबांना आठवडाभर पुरला असता. एकच वस्तू घ्यायची राहिली, चेनला घालायचं तेल. राहिली असं तरी कसं म्हणावं? ते बरोबर घ्यायचं असतं हेच आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ही गोष्ट २०२३ च्या जूनमधली. उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्याने गोल फिरून येणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग आम्हाला दोघांना मोटरसायकलवरून करायचा होता. हे नाव तसं नवं, २०१५ सालचं. रस्ते मात्र जुनेच. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं, पश्चिम किनारा गाठायचा, तिथून वर उत्तरेच्या टोकाला, मग पूर्वेकडून खाली उतरून पुन्हा इन्व्हर्नेस. एकूण ५१६ मैल. त्यात बराच रस्ता एकपदरी. समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने ‘पासिंग प्लेस’च्या खाचेत थांबायचं, दुसऱ्याने हात हलवून आभार मानायचे. कोकणातल्या अरुंद रस्त्यांवर वाढलेल्या माणसांना यात अवघड काय? अशा गुर्मीतच आम्ही निघालो.

आमची गाडी म्हणजे रॉयल एनफील्डची हिमालयन, सेकंडहँड घेतलेली. मूळ रॉयल एनफील्ड इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनू लागली, पुढे इंग्लंडमधला कारखाना बंद पडला आणि मद्रासचा चालू राहिला. म्हणजे तमिळनाडूत जन्मून इंग्लंडात नांदणारी ही गाडी आमच्यासारखीच परदेशस्थ! तिच्याबद्दल तक्रार करायला आम्हाला तोंड नाही. पुढे जे झालं ते संपूर्णपणे आमच्या आळसामुळे झालं, हे आधीच कबूल करून टाकतो.

या आळसाचं मूळ साताऱ्यात आहे. तिथे आमच्या बाबांची (आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे) हीरो होंडा होती. तिची चेन एका बंद पत्र्याच्या डब्यात असायची. डब्याला एक रबरी बूच. मेकॅनिक ते काढून आत बोट घालायचा आणि ‘सैल झालीय’ असं काहीतरी पुटपुटायचा. आम्ही शाळा-कॉलेजच्या वयात ती गाडी मनसोक्त हाकली, पण तिची चेन डोळ्यांनी पाहिल्याचं आठवत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला तेल कोण घालतं, हा प्रश्न कशाला पडेल? हिमालयनची चेन मात्र उघडी. पाऊस, धूळ, वाळू, सगळं थेट तिच्या अंगावर. दोन वर्षं आम्ही ऊन पडलेल्या रविवारी जवळपास चक्कर मारायचो आणि वर्षाकाठी गाडी गॅरेजला द्यायचो, म्हणून निभावलं.

मँचेस्टर ते इन्व्हर्नेस पावणेचारशे मैल. त्यातले निम्मे तरी भर पावसात. इन्व्हर्नेसला पोचलो तेव्हा बुटांतून पाणी निथळत होतं. गाडी बी-अँड-बीच्या मागच्या अंगणात लावली, गरम पाण्याने आंघोळ केली आणि झोपलो. सकाळी पाहतो तर चेनवर तांबूस थर! ‘रात्रीच्या दवाने असेल, चालू लागली की जाईल,’ असा निर्णय आमच्या दोन सदस्यांच्या समितीने एकमताने घेतला.

लॉखकॅरन गाव येईपर्यंत मागून ‘चर्र… चर्र…’ असा आवाज सुरू झाला. मागे बसलेल्याला तो जास्त ऐकू येतो. पण प्रवासाच्या पहिल्याच दिवशी कुरकुर कोण करणार? चालवणाऱ्यालाही गाडी धक्के देतेय असं वाटत होतं, पण तोही बोलला नाही. असे दोघंही एकमेकांना न सांगता काळजी करत टॉर्नाप्रेसच्या फाट्याला पोचलो.

इथून अ‍ॅपलक्रॉसकडे जाणारा रस्ता ‘ब्यालख ना बा’ या खिंडीतून जातो. गेलिक भाषेत याचा अर्थ गुरांची खिंड. या वाटेने पूर्वी गुरांचे कळप बाजाराला हाकत नेत. किनाऱ्याने जाणारा रस्ता १९७० च्या दशकात झाला. तोवर गाडीने अ‍ॅपलक्रॉसला जायला ही एकच वाट होती. फाट्यावर मोठी पाटी आहे. चढ पाचास एक, वळणं केसाच्या पिनेसारखी, नवशिक्या चालकांनी आणि कॅरॅव्हनवाल्यांनी जाऊ नये. माथ्याची उंची ६२६ मीटर, म्हणजे जवळजवळ आपलं लोणावळा. फरक इतकाच की इथे समुद्राच्या पातळीपासून सुरुवात होते आणि ती सगळी उंची साडेपाच-सहा मैलांत चढायची असते.

निम्म्या चढावर आमचं अवसान गळालं. प्रत्येक वळणावर अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आधी काहीच होत नसे, मग ‘खट्‌’ असा हिसका. एका बाजूला खडकाची भिंत, दुसरीकडे खोल दरी आणि तळाशी लॉख किशॉर्नचं शिसवी पाणी. चढावर चेन तुटली तर गाडी मागे येईल. तुटलेली चेन मागच्या चाकात गुंतली तर चाकच जाम होईल. ही माहिती आम्हाला होती, फक्त ती चुकीच्या वेळी आठवली. मागून ‘परत फिरू या का?’ असा प्रश्न आला. पण तिथे फिरवायला जागाच नव्हती.

कसेबसे माथ्यावर पोचलो. तिथे गाड्या थांबवायला जागा आहे. स्वच्छ हवेत समोर स्काय बेट दिसतं म्हणतात. आम्हाला धुकं दिसलं. त्या धुक्यात एक साठी-पासष्टीचे गृहस्थ आपल्या जुन्या मोटरसायकलशेजारी थर्मासमधला चहा पीत उभे होते. आमच्या गाडीचा आवाज त्यांनी वळणाखालूनच ऐकला असावा. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ गाडीमागे वाकले आणि विचारलं, “हिला शेवटचं तेल कधी घातलं होतं?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. परीक्षेत न वाचलेला प्रश्न आला की होतं तसं.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आपल्या पेटीतून एक जुना टूथब्रश, फडकं आणि भांडी घासायच्या साबणाची रिकामी बाटली काढली. बाटलीत गिअर ऑइल होतं. मग त्या थंडीवाऱ्यात आमची शिकवणी सुरू झाली.

“आधी इंजिन बंद. चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवणाऱ्यांनी बोटं गमावली आहेत.” गाडी डबल स्टँडवर घेतली. “आता पुसा. पाण्यावर तेल बसत नाही.” फडकं तांबूस-काळं होईस्तोवर आम्ही पुसत होतो. “चढून आलात, चेन गरम आहे. हीच तेलाची वेळ. सकाळी निघताना नव्हे, संध्याकाळी थांबल्यावर. रात्रभर तेल मुरतं.” तेल खालच्या पदरावर, आतल्या बाजूने घालायचं, म्हणजे चाक फिरल्यावर ते आपोआप बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. वरून, बाहेरून घातलं तर तेच तेल उडून टायरवर बसतं आणि वळणावर घात करतं.

आम्ही शहाणपणा दाखवत भरपूर तेल ओतायला निघालो तेव्हा त्यांनी हात धरला. आजकालच्या चेनमध्ये प्रत्येक कडीच्या पिनेपाशी रबराच्या बारीक कड्या असतात. आतलं ग्रीस कारखान्यातच भरून त्या कड्यांनी बंद केलेलं असतं. आपण घालतो ते तेल त्या आतल्या ग्रीसच्या जागी नसतं. रबर सुकू नये, रोलर दात्यांवर नीट फिरावेत आणि बाहेर गंज चढू नये यासाठी असतं. रबर सुकून चिरलं की आतलं ग्रीस जातं, पाणी शिरतं, आणि मग वरून कितीही तेल ओता, चेन वाचत नाही. आणि जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. तेल अधिक वाळू, झाला पॉलिश पेपर! पातळ थर द्यायचा आणि जादा पुसून काढायचं.

मग त्यांनी खालचा पदर बोटाने वरखाली केला. चेन चांगलीच सैल होती. धक्के त्याचेच. गाडीच्या पुस्तकात किती ढील हवी ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, आणि ते पुस्तक आमच्या सीटखाली पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत झोपलं होतं! सामान उतरवलं, चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी ढील पाहिली, जिथे चेन सर्वांत ताठ तिथे माप धरलं आणि पान्याने दोन्ही बाजू सारख्या आवळल्या. “फार ताठ करू नका,” ते म्हणाले. “दोघं बसल्यावर मागचा भाग दबतो, चेन आणखी ताणली जाते, आणि मग गिअरबॉक्सचं बेअरिंग रडतं.” शेवटी मागच्या चक्राचे दाते पाहिले. ते वाकडे, टोकदार झाले असते तर चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच बदलावी लागली असती. दाते शाबूत होते. आमचं नशीब!

आम्ही पैसे देऊ केले तर त्यांनी बाटलीच आमच्या हातात ठेवली. आमच्याकडच्या मसाल्याच्या चहाची पुडी मात्र आनंदाने घेतली. नाव विचारायचं सुचलं तोवर ते धुक्यात उतरून गेले होते.

खरं सांगायचं तर आमचा प्रवास त्यानंतर सुरू झाला. अ‍ॅपलक्रॉसच्या उतारावर गाडी मऊ चालली आणि पहिल्यांदाच आजूबाजूला पाहायला मन मोकळं झालं. टॉरिडनचे तांबूस वालुकाश्मांचे डोंगर, त्यांच्या पायाशी ३०० कोटी वर्षांपर्यंत जुने करडे खडक. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यांच्यापुढे तान्हं बाळच. पुढे उल्लापूल, मासेमारीसाठी १७८८ मध्ये मुद्दाम वसवलेलं पांढऱ्या घरांचं बंदर. तिथून वर काइलस्क्यूचा कमानीसारखा वळलेला पूल. तो १९८४ मध्ये होईपर्यंत इथे तरीने पलीकडे जावं लागे.

रोज संध्याकाळी तंबू ठोकला की एकाने शेगडीवर थालीपीठ लावायचं आणि दुसऱ्याने चेन पुसायची. दहा मिनिटांचं काम. एकजण चाक फिरवणार, दुसरा तेलाची धार धरणार, असं ते पुढे पुढे दोघांचंच झालं. जूनमध्ये तिथे रात्री दहानंतरही उजेड असतो, तेव्हा दिव्याची गरज नाही. मिजेस नावाची चिलटं मात्र फोडून खातात. या दहा मिनिटांत दिवसभरात न बोललेलं सगळं बोलून व्हायचं. “आज डावीकडच्या वळणावर मला भीती वाटली,” हे वाक्य आम्ही डर्नेसला चेनजवळ उकिडवे बसून एकमेकांना सांगितलं. लॉखकॅरनलाच ते सांगितलं असतं तर?

डर्नेसच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू वाऱ्याने रस्त्यावर येते. त्या रात्री चेन नुसती पुसून भागलं नाही, टूथब्रशने कडी न्‌ कडी घासली. पुढे डनेट हेड, ब्रिटनच्या मुख्य भूमीचं खरं उत्तर टोक. (जॉन ओ’ग्रोट्सला नुसतीच गर्दी!) तिथल्या खाऱ्या वाऱ्यातही चेन तुकतुकीत होती, आणि आम्ही फोटो काढले ते समुद्राचे कमी, तिचे जास्त!

घरी आल्यावर कळलं की या चेनची कुळकथा आमच्याच गावाची आहे. स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला आलेल्या हान्स रेनॉल्ड या तरुणाने १८७९ साली साल्फर्डमधला चेनचा छोटा कारखाना विकत घेतला आणि १८८० साली बुश रोलर चेनचं पेटंट घेतलं. आजच्या सायकल-मोटरसायकलच्या चेनी त्याच वंशातल्या. आमच्यासारखाच बाहेरून आलेला माणूस!

कुणी या वाटेने जाणार असाल तर आमचा अनुभव पदरी बांधा. तीनशे ते सहाशे मैलांनी तेल, आणि पाऊस लागला तर त्याच संध्याकाळी. साफ करायला रॉकेल (इथलं पॅराफिन) चालतं; पेट्रोल नको आणि तारेचा ब्रश नको, त्याने रबरी कड्या जातात. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा तर चेनला अजिबात विसरू नका.

परतल्यावर साताऱ्याला फोन केला. “गाडीने त्रास दिला का रे?” बाबांनी विचारलं. म्हटलं, “नाही बाबा, आम्हीच तिला दिला.” सगळी हकिकत सांगितली आणि सहज विचारलं, “आपल्या हीरो होंडाच्या चेनला तेल कोण घालायचं हो? मेकॅनिक?”

“मेकॅनिक कशाला? मीच की. दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी. तुम्ही उठायच्या आत.”

फोनवर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो.