उकळीच्या अलीकडे, उकळीच्या पलीकडे

घरी धान्यापासून बिअर करायची ठरवली की माणूस आधी भांड्यांकडे बघतो. स्टीलची तीन चकचकीत पातेली, मध्ये पंप, त्याला जोडलेल्या नळ्या. नाहीतर सगळं एकातच करणारं विजेचं यंत्र. किमती बघून बरेच जण तिथूनच परत फिरतात आणि माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, तयार पाकावर समाधान मानतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण खरं काम भांडी करतच नाहीत. ते करतात जवाच्या दाण्यातली एन्झाइम्स आणि त्यांच्यानंतर यीस्ट. आपण त्यांना हवं ते तापमान द्यायचं आणि नको त्या जंतूंपासून सांभाळायचं. एवढं ध्यानात ठेवून खरेदीला निघालं, तर यादी निम्म्यावर येते.

मी ओरेगॉनमध्ये राहतो. इथल्या विलामेट खोऱ्यात हॉप्सची शेती आहे, आणि अमेरिकन बिअरला तिचा संत्र्या-लिंबाचा वास देणारं कॅस्केड हे वाण इथल्याच कॉर्व्हालिसच्या संशोधनातून १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी तरुण गाठतोच. ‘काका, सगळा सेट एकदम घेऊन टाकू का?’ मी त्याला म्हणतो, ‘थांब. आधी उकळीच्या अलीकडचं सामान कुठलं आणि पलीकडचं कुठलं, ते वेगळं काढ.’

हा भेद मला या कलेत सगळ्यात मोलाचा वाटतो. माल्ट गरम पाण्यात भिजवायचं, त्यातला गोड रस, म्हणजे वर्ट, गाळून घ्यायचा आणि तासभर खळखळून उकळायचा. उकळीपर्यंत भांडं नुसतं स्वच्छ असलं तरी पुरतं. पुढची उकळी जंतूंचा बंदोबस्त करते. पण आच बंद झाली, वर्ट निवायला लागला, की त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. म्हणून अलीकडे हवी तेवढी काटकसर करावी, जुनं घ्यावं, घरातलं वापरावं. पलीकडे तडजोड नको.

अलीकडच्या बाजूला सगळ्यात नाजूक पायरी मॅशची, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याची. १९ लिटर साध्या पेल एलसाठी साडेचार किलो भरडलेलं माल्ट धरू. माल्ट २० अंश सेल्सिअसचं असेल आणि किलोमागे तीन लिटर पाणी घेतलं, तर पाणी साधारण ७३ अंशांचं असावं लागतं. मग दोन्ही मिसळून मिश्रण ६७ अंशांवर येतं. माल्ट ओतताना गुठळ्या होतात, त्या पळीने फोडाव्या लागतात. पहिली काही मिनिटं पाणी पिठाळ आणि गढूळ दिसतं, चव कच्च्या पिठाची लागते. वीसेक मिनिटांनी पुन्हा चमचाभर चाखावं. तोच द्रव आता पारदर्शक होत आलेला असतो, त्याला सोनेरी झाक येते आणि जिभेला स्पष्ट गोड लागतो. पांढऱ्या बशीत त्याचा थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकलं आणि ते काळंनिळं झालं नाही, की स्टार्चची साखर झाली म्हणून समजावं. या सगळ्यात भांड्याचं काम एकच: तासभर तापमान ढळू न देणं. ६४-६५ अंशांवर साखर जास्त फुटते आणि बिअर हलकी, कोरडी होते. ६९-७० वर यीस्टला न पचणारी साखर उरते आणि अंग भरीव येतं. दोन-तीन अंशांनी बिअरचा स्वभाव बदलतो. म्हणून पैसे भांड्यावर घालण्याआधी चांगल्या, चटकन वाचणाऱ्या थर्मामीटरवर घालावेत, आणि तो अधूनमधून बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो ना, हे तपासून घ्यावं.

तापमान राखायला किंवा माल्ट गाळायला स्टील लागत नाही, हे या छंदाच्या इतिहासातच दिसतं. अमेरिकेत घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. त्यानंतर १९८४ मध्ये चार्ली पापाझियन यांचं या विषयावरचं पुस्तक घरोघर पोचलं. माल्ट गाळायला त्यांनी सांगितलेली युक्ती होती प्लास्टिकच्या दोन बादल्यांची: एकीच्या तळाला ड्रिलने भरपूर भोकं पाडायची आणि ती दुसरीत बसवायची. पुढे ओरेगॉनच्याच डेनी कॉन यांनी सहलीचा चौकोनी कूलर लोकप्रिय केला. नळाला जोडतात त्या पाइपावरची स्टीलची विणलेली जाळी काढून ती कूलरच्या तोटीला आतून लावायची, झाली गाळणी. पहिला रस काढला की उरलेलं गरम पाणी एकदम ओतायचं, ढवळायचं, पुन्हा काढायचं. मग ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी कूलरही काढून टाकला आणि माल्ट कापडी पिशवीत घालून उकळायच्या भांड्यातच भिजवलं. चांगल्या बिअरला काय लागत नाही, हे या मंडळींनी एकामागून एक भांडं कमी करत दाखवून दिलं. स्वस्तात काम भागवणं हाच या छंदाचा मूळ वारसा आहे, आणि नव्या माणसाने तो अभिमानाने घ्यावा.

माझी शिफारस पिशवीचीच. पातळ, घट्ट विणीचं नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं जाळीदार कापड घेऊन ती घरी शिवता येते. फक्त शिवण दुहेरी हवी. तासाभराने पिशवी उचलून, चक्का टांगतात तशी, भांड्यावर टांगून ठेवायची. किलोभर माल्ट साधारण लिटरभर पाणी धरून ठेवतं, म्हणजे भिजलेली पिशवी चांगलीच जड होते, तीही कढत. वर मजबूत हूक आणि दोरी हवी, नाहीतर भांड्याच्या काठांवर जाळी ठेवून पिशवी तिच्यावर टेकवावी. सगळं पाणी एकाच भांड्यात घ्यायचं असल्याने ते चाळीसेक लिटरचं हवं.

ज्याला एवढीही उडी घ्यायची नसेल त्याने चार लिटरपासून सुरुवात करावी. किलोभर माल्ट, स्वयंपाकघरातलं आठ-दहा लिटरचं पातेलं, लहान पिशवी. मॅश करताना गॅस बंद करून पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून ठेवावं. शिकायला मिळतं ते सगळं तेच, आणि नवं सामान जवळजवळ लागतच नाही.

मोठ्या मापाला अल्युमिनियमचं भांडं पुरतं. इथे टर्की तळायला किंवा खेकडे उकडायला ती सर्रास विकली जातात, प्रोपेनच्या शेगडीसकट, आणि सेकंडहँडही मिळतात. नवं भांडं आधी नुसत्या पाण्याने भरून उकळावं. आतून करडा थर येतो तो संरक्षक असतो, घासून काढू नये. मात्र ही शेगडी उघड्यावरच पेटवावी. गॅरेजमध्ये, दार उघडं असलं तरी, नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दळण्याची चक्की पहिल्या वर्षी नको. माल्ट दुकानदार भरडून देतो. टरफल शाबूत आणि आतला दाणा तुकडे-तुकडे झालेला, एवढं बघून घ्यावं.

आता पलीकडची बाजू. इथे प्लास्टिकची प्रत्येक वस्तू नवी घ्यावी. जुन्या बादलीवरच्या ओरखड्यांत जंतू दडतात आणि तिथे निर्जंतुक करणारं द्रावण पोचत नाही. काचेचे मोठे कारबॉय स्वस्तात मिळाले तरी मी सुचवत नाही. वीस लिटरची भरलेली काच ओल्या हातातून निसटली तर गंभीर इजा होते. खाद्यपदार्थांसाठीची झाकणाची बादली, एअरलॉक, नवी नळी आणि नंतर धुवावं न लागणारं आम्लयुक्त जंतुनाशक द्रावण, इतकं पुरतं. वर्ट निववायला तांब्याच्या नळीचं वेटोळं घ्यावं. चार लिटरसाठी सिंकमधलं बर्फाचं पाणी चालतं.

आणि मग यीस्टचं तापमान. नवे लोक इथेच सगळ्यात कमी लक्ष देतात. नेहमीच्या अमेरिकन एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, पण आंबताना ते स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीच्या आत खोलीपेक्षा बरंच जास्त तापमान असतं. ते फार चढलं तर बिअरला घसा जाळणारा दारूचा वास येतो, मॅश कितीही अचूक झालेला असो. उपाय महाग नाही. मोठ्या टबात पाणी घेऊन त्यात बादली ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलत राहावं. पहिले तीन-चार दिवस एवढं जपलं की पुढचं बरंचसं आपोआप नीट होतं. पुढे कधी मोठा खर्च करायचाच झाला, तर जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्यावा. चकचकीत पातेल्यांचा नंबर त्याच्यानंतर.

द्रवाची घनता मोजणारा दहा-बारा डॉलरचा हायड्रोमीटरही पहिल्याच खरेदीत हवा. सुरुवातीला १.०५०, शेवटी १.०१०, म्हणजे साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल. पण त्याचा खरा उपयोग दुसरा: लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटल्या भराव्यात. आंबणं अर्धवट असताना भरलेली बाटली फुटते.

पुण्या-नागपूरहून भाचे हेच प्रश्न विचारतात, तेव्हा आधी कायद्याचं सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवता येत नाही. तिथे आवड भागवायला परवानाधारक मायक्रोब्रुअरी आहेत, आणि तिथल्या ब्रुअरशी बोलूनही खूप शिकता येतं.

जिथे मुभा आहे तिथल्या माणसाला माझं सांगणं असं: एकाच कृतीची बिअर त्याच सामानावर पुन्हा पुन्हा करा आणि दर वेळी तापमानं लिहून ठेवा. मॅश तासाभरात चार अंश उतरतो असं वहीत दिसलं, तर कूलर घ्या. निववायलाच तास लागत असेल, तर लांब वेटोळं घ्या. वहीत ज्याचं कारण सापडत नाही, ती वस्तू दुकानात कितीही देखणी दिसली तरी राहू द्या. ते पैसे ताज्या माल्टला आणि ताज्या यीस्टला लावा; पेल्यात फरक त्यांचाच पडतो.