लाल डाग

वाचकाची नजर कुठे थबकली ते कॅमेऱ्याने टिपून रंगांत दाखवणाऱ्या हीटमॅपवर लाल डाग उमटला की संकेतस्थळाचे मालक खूश होतात. लोक इथेच बघतात म्हणे! मला आधी शंका येते. माणूस आवडलं म्हणून थबकतो, तसा अडला म्हणूनही थबकतो. कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच.

नजर टिपणारं हे यंत्र तसं सरळ आहे. अवरक्त प्रकाशाची बुबुळावरची चमक आणि बाहुलीची जागा, यांवरून नजर कुठे आहे ते काढतात. वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत नाही, उड्या मारतो. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा.

तलासरीकडच्या आश्रमशाळेतल्या मुलांसमोर आम्ही शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचं एक पान ठेवलं. वर पाहुण्यांचे फोटो, खाली मजकूर. नुसतं "बघा" म्हटलं तर नजरा फोटोंवर. एरवी चेहरा दिसला की डोळा सहसा तिकडे जातो. मग विचारलं, "अर्जाची शेवटची तारीख कोणती?" तीच मुलं चेहरे ओलांडून आकडे शोधत सुटली. यार्बस या रशियन शास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवलं होतं. चित्रकार रेपिनचं एकच चित्र, प्रेक्षकही तोच; प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली. त्याचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. (त्याचं उपकरण थेट डोळ्याला चिकटवावं लागे. आमची पोरं पळाली असती.)

संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये सांगितलं, की लोक पान इंग्रजी 'एफ'च्या आकारात चाळतात. तेव्हापासून आमच्या धंद्यात डाव्या कोपऱ्याला भलताच भाव आला. पण नजर नेहमी कोपऱ्यापासूनच निघते असं नाही. डहाणूतल्या वारली लग्नघरात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. चौकात कोण आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याची नजर कोपऱ्यापासून कशाला सुरू होईल?

आमच्या पानावरचा सगळ्यात गडद डाग होता 'जात वैधता प्रमाणपत्र' या ओळीवर. मालकांना वाटलं, महत्त्वाची सूचना नीट वाचली जातेय. एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सर, जातीचा दाखला आणि हे एकच का?"

त्या ओळीखाली लिहिलं: 'हे जातीच्या दाखल्याहून वेगळं आहे, जात पडताळणी समिती देते.' पुढच्या चाचणीत तिथला लाल रंग बराच ओसरला. फोटो खाली न्यायला मात्र बैठका घ्याव्या लागल्या.