आज शनिवार

शनिवार म्हणजे मारुतीला तेल, रुईच्या पानांची माळ आणि दुपारी उपासाची भगर. मी ह्याच शनिवारात वाढलो. त्यामुळे ‘आज शनिबार’ नावाचं बंगाली गाणं चक्क डिस्को निघालं तेव्हा आधी हसूच आलं. आठेक मिनिटांनी ते संपलं आणि मी पुन्हा लावलं.

गाणारी रूपा बिस्वास, कोलकात्याची. 1981 साली कॅनडात कॅल्गरीला भावाकडे गेली, तिथे तिचं गाणं झालं, ओळखी झाल्या, आणि त्यातून ‘डिस्को जॅझ’ ही चार गाण्यांची तबकडी तयार झाली. सरोदला आशिष खान, म्हणजे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँचे नातू! तबल्याला त्यांचे भाऊ प्रणेश.

ड्रम ठोक्यावर ठोका देत सरळ चाललेला असतो, आणि त्यावर करवंटीच्या जव्याने छेडलेली सरोदची तार मींड घेत घरंगळत येते. सरोदला पडदे नसतात. सूर नखाखालून सरकवायचा. नाचायच्या तालात ही सरक ऐकताना पाय थिरकतो आणि मान मात्र मैफलीतल्यासारखी डुलते. रूपा येते, चार शब्द हलकेच म्हणते, बाजूला होते. गायिकेने आपल्याच तबकडीत इतकी जागा दुसऱ्यांना द्यावी, हे मला फार आवडलं. खपायला ते बाधलंही असेल.

कारण हवा डिस्कोचीच होती. ‘कुर्बानी’ येऊन गेला होता, नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’ घरोघरी वाजत होतं. 1982 साली मेगाफोनने काढलेली ही तबकडी मात्र पडली. पुढची निघाली नाही. रूपा संसाराला लागली. मग इंटरनेटवर कुणीतरी हे गाणं चढवलं, परदेशातले शौकीन जुन्या प्रतींसाठी भरमसाट पैसे मोजू लागले, आणि 2019 साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने ती पुन्हा काढली. मधे 37 वर्षं गेली. ‘उशिरा का होईना, न्याय मिळाला’ असं लोक म्हणतात. मला काही तसं म्हणवत नाही.

परवा आई वाती वळत बसली होती, तेव्हा मी ते गाणं लावलं. सरोद सुरू झाल्यावर तिचा हात थांबला.

“कोण रे ही?”

मी सांगितलं. एकच तबकडी निघाली, हेही सांगितलं.

“मग नंतर काय करत होती?”

“घरी होती.”

“हं,” म्हणाली, आणि तिने पुढची वात वळायला घेतली.