गुडघ्यातले पाणी

आपल्याला गुडघे आहेत, ही गोष्ट पन्नाशी उलटेपर्यंत माणसाच्या गावीही नसते. माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कूर्चा झिजली." तेव्हापासून मी कूर्चेविषयी मिळेल ते वाचू लागलो. दुखणाइताला दुसरा उद्योग तरी काय असतो!

हाडांच्या टोकांवरचे हे अस्तर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे. पण त्यात ७० ते ८० टक्के पाणीच! बारीक तंतूंच्या जाळीत ते कोंडलेले असते. भार पडला की ते निसटू पाहते; पण जाळी दाट, म्हणून पहिला दाब पाणीच झेलते. भार टिकला तर ते हळूहळू झिरपून जाते, उतरला की परत शोषले जाते. याचे गणित अमेरिकेत व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मांडले.

हे सारे डोक्यात घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात जव्हारहून मोखाड्याकडे गेलो. एका पाड्याखालच्या विहिरीवरून बायका चढण चढत होत्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी. मी मनाशी हिशेब केला. चढताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. म्हणजे १५ लिटरचे पाणी गुडघ्याला ४५ किलोंच्या घरात पडते!

एक म्हातारी हंडा दगडावर टेकवून बसली होती. "आजी, गुडघे दुखत नाहीत?" मी विचारले.

"दुखून कोणाला सांगायचं, बाबा? पाणी तर आणायलाच लागतं."

कूर्चेचेही तसेच. तिच्यात मज्जातंतू नाहीत. झिजते, पण बोलत नाही. भोवतालचे दुखू लागते तेव्हा बरीच झीज झालेली असते, आणि ती सहसा भरून येत नाही.

या डोंगरांवर पाऊस काही थोडाथोडका पडत नाही. पण काळ्या कातळावरून तो वाहून जातो. वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळांना पोचते, आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे कितीतरी पाडे टँकरची वाट पाहतात. बोटाच्या पेराहून पातळ कूर्चेला जे साधते, ते एवढ्या डोंगराला साधत नाही.

कूर्चेत पाणी परत भरते खरे. पण त्यासाठी आधी ओझे उतरावे लागते. वाटेवरचा दगड ते घटकाभर उतरवतो. कायमचे उतरवायचे तर नळ दारापर्यंत यायला हवा.